अत्यावश्यक सेवांची सायबर सुरक्षा आणि संशोधन प्रकल्पांमधलं सहकार्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीज, पाणी, रुग्णालयं, बंदरं, दूरसंचार यांच्या सायबर सुरक्षेवर अनेक संशोधन प्रकल्प चालतात. हे प्रकल्प एकमेकांशी काय देवाणघेवाण करतात, कुठे अडतात आणि त्यातून हाती काय लागतं, याबद्दल विद्यार्थी, अभियंते आणि प्रकल्पांत नव्याने आलेले लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. अशा सहकार्याचा मोठा आणि खुलेपणाने नोंदवलेला प्रयोग युरोपीय महासंघात झाला, म्हणून बरीचशी उदाहरणं तिथली आहेत.

अत्यावश्यक पायाभूत सुविधा नेमकं कशाला म्हणायचं?

जी सेवा थांबली तर समाजाचे रोजचे व्यवहारच अडतात, ती. यादी देशागणिक बदलते. युरोपीय महासंघाच्या 2022 च्या सीईआर निर्देशात 11 क्षेत्रं आहेत: ऊर्जा, वाहतूक, बँकिंग, वित्तीय बाजारांच्या यंत्रणा, आरोग्य, पिण्याचं पाणी, सांडपाणी, डिजिटल यंत्रणा, सार्वजनिक प्रशासन, अंतराळ आणि अन्न. त्याच्याच जोडीने संमत झालेला एनआयएस-2 निर्देश सायबर बाजू पाहतो, तर सीईआर पूर, तोडफोड, दहशतवाद असे बाकीचे धोके पाहतो. कायदे दोन असले तरी ते लागू होतात त्याच सबस्टेशनला आणि त्याच पंपिंग स्टेशनला.

ऑफिसातल्या संगणकांना चालते ती सुरक्षा इथे का चालत नाही?

ऑफिसात माहिती चोरीला जाण्याची भीती असते. जलशुद्धीकरण केंद्रात किंवा वीज उपकेंद्रात संगणकाने दिलेल्या आज्ञेवर व्हॉल्व्ह फिरतो, ब्रेकर उघडतो. मार्च 2007 मध्ये अमेरिकेच्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने ‘अरोरा’ नावाची चाचणी केली. 2.25 मेगावॉटच्या डिझेल जनरेटरचे ब्रेकर चुकीच्या क्षणी उघडबंद करण्याच्या आज्ञा दिल्या आणि यंत्र धूर ओकत निकामी झालं. संगणकाच्या आज्ञेने लोखंड मोडता येतं हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. 2017 मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ‘ट्रायटन’ नावाचं मालवेअर सापडलं. त्याने लक्ष्य केलं होतं ते अपघात होऊ नये म्हणून बसवलेल्या सुरक्षा कंट्रोलरला.

शिवाय ही उपकरणं पंधरा-वीस वर्षं सहज चालतात. मॉडबस हा संवादनियम 1979 चा आहे आणि आजही वापरात आहे. मूळ मॉडबसमध्ये आज्ञा कोणी दिली हे तपासण्याची सोयच नाही. जो बोलेल त्याचं ऐकायचं. सॉफ्टवेअर अपडेट करायचं तर संयंत्र थांबवावं लागतं, आणि तशी संधी वर्षातून एखाद-दोनदाच मिळते. त्यामुळे ‘अपडेट करा, रीस्टार्ट करा’ हा सल्ला कंट्रोल रूममध्ये कोणी गांभीर्याने घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

एकाच चांगल्या प्रकल्पाला हे काम का जमत नाही?

कारण प्रकल्प एका क्षेत्राचा असतो आणि बिघाड क्षेत्राची हद्द पाळत नाही.

24 फेब्रुवारी 2022 चं उदाहरण पाहा. रशियाने युक्रेनवर आक्रमण सुरू केलं त्याच सकाळी व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रह इंटरनेट सेवेवर हल्ला झाला आणि हजारो मोडेम निकामी झाले. रोख युक्रेनवर होता. पण जर्मनीत एनर्कॉन कंपनीच्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांवर दुरून देखरेख ठेवण्याची सोय तुटली, कारण तीही याच उपग्रहावरून चालत होती. पवनचक्क्या फिरत राहिल्या, वीज देत राहिल्या. त्यांच्याशी बोलता मात्र येईना. आता सांगा, हा विषय ऊर्जा प्रकल्पाचा की अंतराळ प्रकल्पाचा? ऊर्जावाल्यांच्या धोक्यांच्या यादीत ‘उपग्रह मोडेम’ ही ओळ कोण लिहिणार होतं?

दुसरं उदाहरण 23 डिसेंबर 2015 चं. युक्रेनमधल्या तीन वीज वितरण कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये हल्लेखोर शिरले, ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. त्याच वेळी ग्राहक सेवा केंद्रांवर खोट्या कॉलचा मारा करण्यात आला, म्हणजे खऱ्या तक्रारी पोचूच नयेत. उपकेंद्रांशी संपर्क ठेवणाऱ्या उपकरणांचं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, बिघडवून टाकलं. शेवटी कर्मचारी प्रत्यक्ष उपकेंद्रांवर गेले, हाताने ब्रेकर लावले आणि काही तासांत वीज परत आली. हल्ल्यात दूरसंचाराचा भाग होता, सावरण्यात माणसांचा आणि गाड्यांचा.

हल्लेखोर नसतानाही हेच घडतं. 28 सप्टेंबर 2003 ला जवळजवळ सगळा इटली अंधारात गेला. सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या एका उच्चदाब वाहिनीवर झाडामुळे झालेल्या बिघाडाने झाली होती. वीज गेली की संपर्काची जाळी पडतात, आणि संपर्क पडला की वीज सावरणं आणखी अवघड होतं. परस्परावलंबी जाळ्यांच्या अभ्यासात ही घटना अजून उदाहरण म्हणून घेतली जाते.

रिनाल्डी, पीरनबूम आणि केली या संशोधकांनी 2001 मध्ये अशा अवलंबनाचे चार प्रकार मांडले: भौतिक, सायबर, भौगोलिक आणि तार्किक. पंपाला वीज लागते, हे भौतिक. पंपाला नेटवर्कवरून आज्ञा लागते, हे सायबर. दोन केबल एकाच पुलाखालून जातात, हे भौगोलिक. बाजारभाव, कायदा किंवा माणसांच्या निर्णयातून येतं ते तार्किक. पहिले दोन बहुतेक प्रकल्प पाहतात. तिसऱ्यासाठी दोन क्षेत्रांचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहावे लागतात, आणि ते नकाशे एका प्रकल्पाकडे कधीच नसतात.

मग प्रकल्प क्षेत्रानुसारच का आखले जातात?

निधी तसा येतो म्हणून. युरोपीय महासंघाच्या होरायझन 2020 या संशोधन निधी कार्यक्रमात पाण्यासाठी ‘स्टॉप-आयटी’, विमानतळांसाठी ‘सॅटी’, रुग्णालयांसाठी ‘सेफकेअर’, बंदरांसाठी ‘सॉरॉन’, दूरसंचारासाठी ‘रेझिस्टो’, गॅससाठी ‘सिक्युअरगॅस’, वित्तसंस्थांसाठी ‘फिनसेक’ असे प्रकल्प उभे राहिले. क्षेत्रवार आखणीचा फायदाही आहे: बार्सिलोना, बर्लिन, ऑस्लो इथल्या पाणीपुरवठा करणाऱ्या संस्था ‘स्टॉप-आयटी’मध्ये थेट भागीदार होत्या. एखाद्या सर्वसमावेशक प्रकल्पात त्या बहुधा आल्या नसत्या.

तोटा असा, की सगळ्यांची आकृती साधारण एकच निघते. खाली सेन्सर, मध्ये घटनांचा मेळ घालणारं सॉफ्टवेअर, बाजूला जोखीम मोजणारं मॉड्यूल आणि वर रंगीत डॅशबोर्ड. हे प्रत्येकाने आपापल्या पैशाने बांधायचं, आणि शेवटच्या वर्षी कळायचं की शेजाऱ्याने तेच बांधलंय. डॅशबोर्डांची तर मोजदाद करू नये.

‘क्लस्टर’ म्हणजे काय? तो कन्सॉर्टियमपेक्षा वेगळा कसा?

कन्सॉर्टियम म्हणजे एका प्रकल्पातले भागीदार; त्यांच्यात करार, पैसा आणि ठरलेली कामं असतात. क्लस्टर म्हणजे अनेक प्रकल्पांनी मिळून केलेलं सैल संघटन. ‘ईसीएससीआय’, म्हणजेच युरोपियन क्लस्टर फॉर सिक्युरिंग क्रिटिकल इन्फ्रास्ट्रक्चर्स, हे त्याचं ओळखीचं उदाहरण. वर सांगितलेल्या धाटणीचे अनेक प्रकल्प त्यात एकत्र आले. क्लस्टरकडे सहसा स्वतःचा निधी नसतो. ताकद आणि दुबळेपणा दोन्ही तिथूनच येतात: कोणालाही पटकन सामील होता येतं आणि कोणावर काही बंधनकारक नसतं.

याहून घट्ट रचनाही करून पाहिली गेली. 2019 मध्ये कॉन्कॉर्डिया, ईको, स्पार्टा आणि सायबरसेक4युरोप हे चार पथदर्शी प्रकल्प एकाच उद्देशाने सुरू झाले: युरोपभर सायबर सुरक्षा क्षमतांचं जाळं कसं चालवायचं ते करून पाहणं. चौघांचा मिळून निधी 63.5 दशलक्ष युरोंहून जास्त होता आणि भागीदार 160 च्या वर. 2021 च्या नियमावलीने बुखारेस्टमध्ये युरोपीय सायबर सुरक्षा सक्षमता केंद्र उभं राहिलं, त्यामागे या प्रयोगांचा अनुभव होता.

प्रकल्प एकमेकांना नेमकं काय देतात?

कागदावर: संयुक्त कार्यशाळा, एकत्र प्रकाशनं, धोरणविषयक शिफारशी. याला फार वेळ लागत नाही आणि अहवालात ते छान दिसतं.

खरा उपयोग चार गोष्टींचा होतो, आणि त्यात पहिल्या क्रमांकावर मी हल्ल्याच्या कथानकांना ठेवेन. कथानक म्हणजे हल्लेखोर कुठून शिरला, कोणत्या क्रमाने पुढे गेला, कोणत्या टप्प्यावर कोणाला काय दिसलं, याची पायरीपायरीने केलेली मांडणी. विमानतळाच्या प्रकल्पाने लिहिलेलं कथानक रुग्णालयाच्या प्रकल्पाला दिलं की पहिला प्रश्न येतो: तुमच्याकडे इमारतीचे दरवाजे आणि वातानुकूलन कोणत्या नेटवर्कवर आहे? दोन्हीकडे उत्तर सारखंच निघतं: इमारत सांभाळणाऱ्या कंत्राटदाराच्या नेटवर्कवर. एवढं कळलं तरी बैठकीचं सार्थक झालं.

दुसरी गोष्ट टेस्टबेड, म्हणजे प्रयोगासाठी उभारलेली छोटी खरी यंत्रणा. तिसरी डेटा. चौथी फसलेले प्रयोग, आणि हीच सगळ्यांत कमी वाटली जाते. अमुक पद्धत खऱ्या रहदारीवर चालली नाही, अमुक सेन्सर आर्द्रतेने वेडावाकडा वागला, ही माहिती शोधनिबंधात येत नाही. ती चहाच्या सुट्टीत मिळते. म्हणूनच ऑनलाइन कार्यशाळा कितीही सोयीच्या असल्या तरी लोकांनी प्रत्यक्ष भेटावं असं मला वाटतं.

डेटा मिळवणं एवढं अवघड का?

खरी कंपनी आपल्या कंट्रोल नेटवर्कची नोंद बाहेर द्यायला कचरते. त्यातून ग्राहकांची माहिती फुटू शकते आणि नेटवर्कचा आराखडाही उघड होतो. आणि हल्ल्याचा डेटा हवा असेल तर हल्ला झालेला असावा लागतो, किंवा खऱ्या यंत्रणेवर तो करून पाहावा लागतो. तशी परवानगी कोण देणार?

त्यामुळे मोजक्या सार्वजनिक डेटासेटांवर सगळं जग विसंबतं. सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी अँड डिझाइनच्या आयट्रस्ट केंद्राने सहा टप्प्यांचं छोटं पण खरं जलशुद्धीकरण संयंत्र उभारलं, त्याचं नाव ‘स्वॉट’. तिथला गाजलेला डेटासेट 11 दिवसांचा आहे: 7 दिवस नेहमीचं कामकाज आणि 4 दिवस हल्ले घडवलेले. मागणी अर्ज केला की संशोधकांना तो मिळतो. या एका निर्णयाने जगभरच्या किती प्रबंधांना आधार दिला असेल!

पण त्याची दुसरी बाजूही आहे. एका संयंत्राच्या सवयी शिकलेलं, हल्ला ओळखणारं मॉडेल दुसऱ्या संयंत्रात गोंधळतं. मूल्यमापनाच्या काही रूढ पद्धतीही फसव्या आहेत: दीर्घ हल्ल्यात एका क्षणी जरी घंटा वाजली तरी तो अख्खा हल्ला पकडला असं धरायचं, या हिशेबात यादृच्छिक आकडेही देखणे दिसतात. दोन प्रकल्पांनी आपापली मॉडेल्स अदलाबदल करून एकमेकांच्या टेस्टबेडवर चालवावीत, हा यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय. निकाल पडेल येतो आणि त्याचाच उपयोग असतो.

सगळ्यांनी एकच भाषा बोलावी यासाठी काय आहे?

बरंच काही तयार आहे; नवं बनवायची गरज क्वचितच असते. धोक्याची माहिती मांडायला स्टिक्स हा ठरलेला साचा आणि ती पाठवायला टॅक्सी हा संवादनियम. देवाणघेवाणीसाठी ‘मिस्प’ हे मुक्त सॉफ्टवेअर, जे बेल्जियमच्या संरक्षण दलात 2011 च्या सुमारास सुरू झालं आणि आता लक्झेंबर्गच्या सर्कल या संस्थेच्या पुढाकाराने चालतं. हल्लेखोरांच्या युक्त्यांना नावं देण्यासाठी मायटर या अमेरिकी संस्थेची ‘अटॅक’ सारणी. तिची औद्योगिक यंत्रणांसाठीची आवृत्ती जानेवारी 2020 मध्ये आली. औद्योगिक सुरक्षेच्या मानकांसाठी आयईसी 62443.

अडचण एवढीच, की स्टिक्समध्ये आयपी पत्ता आणि फाइलची ओळख सहज मांडता येते. ‘टाकीची पातळी सेन्सर सांगतो त्यापेक्षा वेगळ्या वेगाने बदलते आहे’ हे मांडायला मात्र ती भाषा अपुरी पडते. प्रत्येक प्रकल्प इथे स्वतःची भर घालतो आणि प्रत्येकाची भर वेगळी. संयुक्त काम करायचं तर ते नेमकं इथे करावं.

कमकुवत जागा वाटून घेतल्या तर हल्लेखोरांनाच मदत होणार नाही का?

होऊ शकते, म्हणून सगळं सगळ्यांना द्यायचं नसतं. माहिती कोणापर्यंत जावी हे रंगाने सांगणाऱ्या ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉलची 2.0 आवृत्ती ऑगस्ट 2022 मध्ये आली. त्यात रेड म्हणजे समोर बसलेल्यांपुरतं, अंबर म्हणजे गरजेनुसार संस्था आणि तिच्या ग्राहकांपुरतं, अंबर+स्ट्रिक्ट म्हणजे फक्त संस्थेपुरतं, ग्रीन म्हणजे समुदायापुरतं आणि क्लिअर म्हणजे खुलं. शिक्का सुरुवातीलाच मारावा. बैठक संपल्यावर ‘ते जरा आपल्यातच ठेवा’ म्हणण्याला अर्थ नसतो.

उपकरणात नवी त्रुटी सापडली तर आधी उत्पादकाला आणि राष्ट्रीय सर्टला (सायबर घटना हाताळणाऱ्या पथकाला) कळवायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा, मग भागीदार प्रकल्पांना सांगायचं. कंपनीचं नाव, ठिकाण, आयपी पत्ते काढून टाकूनही बहुतेक धडे शाबूत राहतात.

मात्र गुप्ततेची ढाल करून काहीच न देणारे प्रकल्पही असतात. त्यांना एक प्रश्न विचारावा: यातली कोणती ओळ हल्लेखोराला आधीच ठाऊक नाही?

बौद्धिक संपदेचं काय?

प्रकल्पाआधी जे आपलं होतं ते आपलंच राहतं, प्रकल्पात निर्माण झालेलं ते निर्माण करणाऱ्याचं. दोन प्रकल्पांमध्ये काही द्यायचं तर दोन पानांचा लेखी करार पुरतो. तो पहिल्या वर्षीच करावा. तिसऱ्या वर्षी वकील सुट्टीवर असतात.

सेवा चालवणाऱ्या कंपन्यांना यात पडून काय मिळतं?

पूर्वी प्रामुख्याने सद्भावना. आता कायद्याचाही रेटा आहे. एनआयएस-2 नुसार गंभीर घटना कळल्यापासून 24 तासांत पूर्वसूचना, 72 तासांत घटनेची सूचना आणि त्यानंतर महिन्याभरात अंतिम अहवाल द्यावा लागतो. ‘अत्यावश्यक’ गटातल्या संस्थांसाठी दंडाची कमाल मर्यादा किमान 1 कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या 2 टक्के, यांतली मोठी रक्कम, अशी ठेवली आहे. देशांनी आपापले कायदे 17 ऑक्टोबर 2024 पर्यंत करायचे होते. अनेकांना ती तारीख पाळता आली नाही, ते असो.

रात्री दोन वाजता घटना कळल्यावर 24 तासांत काय लिहायचं, याचा सराव करायला संशोधन प्रकल्प ही उत्तम जागा आहे. तिथे चूक झाली तर दंड होत नाही. कंपन्यांना हे सांगितलं की त्या येतात. ‘आमच्या अल्गोरिदमची अचूकता’ सांगितली की त्यांचे लोक फोन पाहू लागतात.

चाचणी खऱ्या यंत्रणेवर होते का?

चालू यंत्रणेला शक्यतो कोणी हात लावत नाही. नेटवर्क स्विचवरून रहदारीची प्रत घेऊन फक्त ऐकायचं, ही पहिली पायरी. पुढे डिजिटल ट्विन, म्हणजे यंत्रणेची संगणकीय प्रतिकृती, किंवा प्रयोगशाळेतले खरे पीएलसी (यंत्रं चालवणारे औद्योगिक कंट्रोलर) आणि खोटी टाकी. शेवटी माणसांचा सराव: एक गट हल्ला करतो, दुसरा बचाव. टॅलिनमधल्या नाटो सायबर संरक्षण केंद्राचा ‘लॉक्ड शील्ड्स’ सराव 2010 पासून याच धर्तीवर चालतो. क्षेत्रांमधलं अवलंबन तपासायचं तर दोन प्रकल्पांचे ट्विन एकमेकांना जोडावे लागतात. वीजवाल्यांचं मॉडेल मिलिसेकंदांत विचार करतं, पाण्याचं मिनिटांत. दोघांची घड्याळं जुळवण्यातच निम्मा वेळ जातो, हे वेळापत्रक आखताना धरून चाला.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हे सगळं सुटणार नाही का?

साधा हिशेब करू. दिवसाला 10 लाख घटना तपासणारी यंत्रणा हजारात एकदा चुकीची घंटा वाजवते. म्हणजे दिवसाला 1,000 खोट्या घंटा, दर दीड मिनिटाला एक. रात्रपाळीला दोन माणसं. तिसऱ्या दिवशी आवाज बंद केला जातो. मॉडेल सुधारावंच, पण घंटांची संख्या माणसाला पेलेल एवढी ठेवणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यात ऑपरेटरांचं मत हवं.

निधी संपल्यावर या सगळ्याचं काय होतं?

बहुतेक वेळा सॉफ्टवेअर अनाथ होतं. तंत्रज्ञानाची तयारी 1 ते 9 च्या टीआरएल मापाने मोजतात. प्रकल्प 6 किंवा 7 पर्यंत येतो आणि तीन वर्षं पूर्ण होतात. तिथून बाजारातलं उत्पादन व्हायला लागणारा पैसा ना संशोधन निधीत असतो, ना सावध कंपन्यांकडे. संकेतस्थळाचं डोमेनही काही वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या हाती जातं. सायबर सुरक्षेच्या प्रकल्पाचं हे व्हावं!

टिकतं ते तीन वाटांनी. मानक म्हणून: युरोपीय मानक संस्था सेनच्या कार्यशाळा करारात प्रकल्पाचं काम बसवता येतं, आणि पूर्ण मानकापेक्षा ते लवकर होतं. मुक्त सॉफ्टवेअरचा भाग म्हणून: स्वतंत्र साधन काढण्याऐवजी मिस्पमध्ये एक मॉड्यूल दिलं तर त्याला सांभाळणारे मिळतात. आणि पुढच्या प्रकल्पात तीच माणसं म्हणून, जी खरं तर सगळ्यांत भरवशाची वाट आहे. ‘ईयू-सीआयपी’सारखे प्रकल्प आधीच्या प्रकल्पांचे निकाल एका जागी आणण्यासाठीच काढले गेले, ही जाणीव उशिरा का होईना झाली.

दोन प्रकल्पांना आज सहकार्य सुरू करायचं तर पहिलं काम कोणतं?

सामंजस्य करारावर सह्या करायची घाई नको. दोन्हीकडचा एकेक ऑपरेटर, एकेक संशोधक, आणि दिवसभराची एक बैठक. एक कथानक निवडा जे एका क्षेत्रात सुरू होऊन दुसऱ्यात संपतं. प्रत्येक पायरीला विचारा: हे कोणाला दिसेल, किती वेळात, आणि तो कोणाला फोन करेल? बहुतेकदा चौथ्या-पाचव्या पायरीवर लक्षात येतं की तो फोन नंबर कोणाकडेच नाही.

मी विद्यार्थी आहे. माझ्याकडे ना टेस्टबेड, ना भागीदार. मला काय करता येईल?

पुष्कळ. ओपनपीएलसी हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या संगणकावर पीएलसीसारखं चालतं. कॉनपॉट हे औद्योगिक उपकरणाचं सोंग घेणारं हनीपॉट, म्हणजे हल्लेखोरांना भुलवणारा सापळा आहे. पाण्याच्या जाळ्यांसाठी अमेरिकी पर्यावरण संस्थेचं एपानेट फुकट मिळतं, आणि मॉडबसची रहदारी नेटवर्कवरचे संदेश दाखवणाऱ्या वायरशार्क या साधनात उघडी वाचता येते. स्वॉटचा डेटा मागवा. एखाद्या संपलेल्या प्रकल्पाचा सार्वजनिक अहवाल घ्या. होरायझनचे असे अहवाल कॉर्डिस या संकेतस्थळावर शोधता येतात. त्यातला एक प्रयोग पुन्हा करून पाहा. निकाल जुळला नाही तर मूळ संशोधकांना लिहा, नेमके आकडे जोडून.